धावणे वाढते तेव्हा घोटा का दुखतो

घोट्याचे दुखणे बहुधा धावायला लागल्यावर लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, धावणे अंगवळणी पडू लागले की ते डोके वर काढते. दम लागणे कमी झालेले असते, पाच किलोमीटर सहज होतात, म्हणून अंतर आठवर आणि मग बारावर जाते. अशात एखाद्या सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेच्या वर किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला आखडल्यासारखे वाटते. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू सरावाला काही आठवड्यांत प्रतिसाद देतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध आणि खुद्द हाडे यांना त्याच कामासाठी महिने लागतात. अंतर किती वाढवायचे हे मात्र धावणारा दमावरून ठरवतो. घोट्याच्या बहुतेक तक्रारी या तफावतीतून येतात, आणि त्यांवरचा बराचसा इलाजही ही तफावत भरून काढण्याचाच असतो.

घोट्याचा सांधा तीन हाडांचा आहे. नडगीचे जाड हाड, त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड (फिब्युला) आणि या दोहोंच्या खोबणीत बसणारे टॅलस. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला मोजक्याच वाटा उरतात आणि या हाडाची इजा सावकाश भरते. सांध्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध आहेत, आतल्या बाजूला एक रुंद आणि बळकट. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा तळवा आत वळून, म्हणून मार बसतो बाहेरच्या अस्थिबंधांना. मागच्या बाजूला पोटरीच्या स्नायूंना टाचेशी जोडणारी अकिलिस कंडरा असते, शरीरातली सर्वांत जाड. आतल्या घोट्यामागून टिबिआलिस पोस्टेरिअर ही कंडरा तळपायाकडे जाते आणि पायाची कमान पेलते. बाहेरच्या घोट्यामागून पेरोनिअल कंडरा जातात आणि पाय आत वळू लागला की तो सावरतात.

या रचनेवर धावताना किती भार येतो याचा अंदाज सहसा नसतो. प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा धक्का शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. अकिलिस कंडरेवरचा ताण त्याहून बराच जास्त, साधारण सहा ते आठ पट. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत तो दर पावलाला चारशे किलोच्या वर जातो. मिनिटाला १६० ते १८० पावले धरली तर तासाभरात एकेका पायाला असे सुमारे पाच हजार हिसके बसतात. निरोगी कंडरा हे सहज सोसते. प्रश्न येतो तो सवय नसताना हिसक्यांची संख्या एकदम वाढल्यावर.

भार पडला की हाड बदलते, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. या बदलाचा क्रम मात्र अडचणीचा आहे. आधी जुना भाग विरघळवला जातो आणि मग नवा घातला जातो. मधल्या काही आठवड्यांत त्या जागचे हाड पूर्वीपेक्षा थोडे कमजोरच असते. कंडरेचेही तसेच. जोरदार धावण्यानंतर तिच्यातल्या कोलॅजनची झीज आणि भर दोन्ही वाढतात, पण पहिला दीड दिवस पारडे झिजेकडे झुकलेले असते. लागोपाठच्या दोन दिवशी कसून धावणारा रोज झिजेत भर घालतो आणि भरणीला वेळच देत नाही. नव्या माणसाने एक दिवसाआड धावावे, या जुन्या सल्ल्यामागे हे पक्के कारण आहे.

अंतर किती वाढवावे, यासाठी ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम जगभर सांगितला जातो. तो जितका प्रसिद्ध तितका सिद्ध नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन येथे ५३२ नवशिक्यांवर झालेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दहा टक्क्यांच्या बेताने तेरा आठवडे तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने आठ आठवडे. दोन्ही गटांत जवळपास पाचातला एक जण जायबंदी झाला. २०२५ मध्ये ५,२०० धावपटूंच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला आणि त्याने प्रश्नाचा रोखच बदलला. आठवड्याच्या एकूण अंतरातल्या वाढीचा दुखापतीशी अपेक्षित संबंध त्यात दिसला नाही. एकाच दिवशी, मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त धावणाऱ्यांना मात्र धोका स्पष्टपणे वाढलेला आढळला, आणि अंतर दुपटीच्या वर गेले तेव्हा तो दुपटीहून अधिक झाला.

महाराष्ट्रातल्या हौशी धावपटूंसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण इथली पद्धतच रविवारच्या लांब पल्ल्याभोवती उभी आहे. आठवड्यात तीनदा पाच-पाच किलोमीटर धावणारा माणूस रविवारी गटाबरोबर निघतो. गप्पांत आणि उत्साहात सोळा किलोमीटर होऊन जातात. आठवड्याची बेरीज फारशी वावगी दिसत नाही, घोट्याने मात्र एका सकाळी सवयीच्या तिप्पट काम केलेले असते. गटाने धावणे ही फार चांगली गोष्ट आहे. पण नव्या माणसाने अर्ध्या वाटेवरून वळून परत येण्याची मुभा गटात असायला हवी.

चढण हीसुद्धा वाढच असते, फक्त ती किलोमीटरमध्ये मोजली जात नाही. २०१२ पासून भरणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेने खाली येते. चढताना टाच खाली आणि पंजा वर राहतो, त्यामुळे अकिलिसवर ताण पडतो. उतरताना पाऊल थोपवण्याचे काम नडगीच्या पुढच्या स्नायूंकडे आणि घोट्याच्या पुढच्या कंडरांकडे येते. सपाटीवर एकवीस किलोमीटर धावलेल्याचा घोटा घाटातल्या एकवीस किलोमीटरला तयार असतोच असे नाही.

दुखणे सुरू झाल्यावर सर्वाधिक माहिती मिळते ती जागेवरून. ‘घोटा दुखतो’ म्हणणाऱ्याला एका बोटाने जागा दाखवायला सांगावे. कोणी बोटभर जागा अचूक दाखवतो, कोणी तळहात फिरवून ‘हा सगळा भाग’ म्हणतो. हा फरक महत्त्वाचा आहे. बोटाने दाखवता येणारे आणि थेट हाडावर दाबले असता कळवळायला लावणारे दुखणे अधिक गंभीर मानावे.

मागच्या बाजूचे दुखणे सहसा अकिलिसचे असते, आणि त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. एकात टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर कंडरा जाडसर होते आणि चिमटीत धरली की दुखते. दुसऱ्यात कंडरा हाडाला चिकटते तिथेच दुखते आणि बुटाची मागची कड टोचते. दोन्हींत सकाळची पहिली पावले आखडलेली पडतात. धावताना पहिल्या किलोमीटरला दुखते, मग थांबते. या थांबण्याने पुष्कळांची फसगत होते. अंग तापले की दुखणे दबते, माणूस ठरल्याप्रमाणे दहा किलोमीटर करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना कठडा धरतो. अकिलिसची खरी प्रकृती धावतानाच्या नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुखण्यावरून कळते.

आतल्या घोट्यामागे आणि खाली दुखत असेल तर संशय टिबिआलिस पोस्टेरिअरवर जातो. एका पायावर उभे राहून टाच उचलून पाहावी. निरोगी पायाची टाच वर जाताना किंचित आत वळते. ती वळत नसेल किंवा टाच उचलताच येत नसेल आणि पायाची कमान बसत चालली असेल, तर वेळ न घालवता तपासून घ्यावे, कारण ही कंडरा फार दिवस दुर्लक्षित राहिली तर पाय कायमचा सपाट होऊ शकतो. त्याच जागेपासून तळव्याकडे मुंग्या किंवा जळजळ जात असेल तर तिथून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता असते. बाहेरच्या बाजूचे दुखणे बऱ्याचदा जुन्या मुरगळण्याचे देणे असते. समोरचे पुष्कळदा बुटाच्या नाड्या फार आवळल्यामुळे होते. त्या वेगळ्या ओवल्या की आठवड्यात जाते.

या सगळ्यात ज्याला चुकवून चालत नाही ते हाडाचे दुखणे. हाडाला बारीक तडा जाणे, ज्याला सर्रास स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, ते एका घावाने होत नाही. आठवडेच्या आठवडे साचत जाते. ते धावताना दबत नाही, वाढत जाते. धावणे संपल्यावरही ठणकते, पुढे पुढे रात्रीही. त्या पायावर उडी मारली की नेमक्या जागी कळ येते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून ‘एक्स-रेत काही नाही’ हे ऐकून पुन्हा धावायला लागणे धोक्याचे. लक्षणे जुळत असतील तर एमआरआय करावा लागतो. फिब्युलाचा तडा सहसा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरतो. घोट्याच्या पुढे, पायाच्या कमानीच्या वरच्या टोकाला नॅव्हिक्युलर नावाचे छोटे हाड आहे, त्याचा तडा मात्र हट्टी असतो. त्याच्या मधल्या भागाला रक्त कमी मिळते. बहुधा सहा आठवडे पाय टेकवूच दिला जात नाही आणि धावण्याकडे परतायला कित्येक महिने जातात.

अशा तड्यांमागे कित्येकदा पोटातली कमतरता असते. धावणे वाढवताना वजन उतरवण्यासाठी खाणे कमी करणाऱ्यांत, विशेषतः पाळी अनियमित झालेल्या किंवा बंद पडलेल्या स्त्रियांत, हाड भरून येण्याचे कामच मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीवर एकमताचे निवेदन काढले आणि पुरुषांतही ती आढळते हे नोंदवले. शहरी भारतीयांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते, तीही तपासून घ्यावी. पाळी चुकते आहे हे घोटा दाखवायला आलेली मुलगी आपणहून सांगत नाही. डॉक्टरांनी विचारले पाहिजे.

पाय मुरगळला तर पहिला प्रश्न असतो हाड मोडले का. कॅनडातल्या ओटावा येथे इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी साधे निकष दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखणे, करंगळीकडच्या लांब हाडाच्या मुळाशी किंवा नॅव्हिक्युलरवर दुखणे, आणि इजा झाल्या झाल्या व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे. यांपैकी काहीच नसेल तर मोड असण्याची शक्यता अगदी थोडी. एखादे असेल तर एक्स-रे काढावा. हे निकष ताज्या इजेसाठी आहेत, हळूहळू वाढलेल्या दुखण्याला ते लागू करू नयेत.

त्यानंतरच्या उपचारांचा विचार गेल्या काही दशकांत बराच पालटला आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हा मंत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केला. त्यांनीच २०१४ च्या सुमारास सांगितले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणे लांबू शकते. आज बर्फ वेदना कमी करण्यापुरता वापरतात, पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज बांधतात आणि सोसेल तसे चालायला लवकर लावतात. घरोघरी आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावतात. तो लावण्यात गैर काही नाही, फक्त त्यावर विसंबून तपासणी टाळू नये. सुजलेला पाय चोळणे आणि ‘बसवण्यासाठी’ ओढणे मात्र कटाक्षाने टाळावे. तडा गेलेला असेल तर त्या ओढण्याने तो सरकू शकतो.

मुरगळलेल्या पायाची सूज उतरते आणि माणूस बरा झालो असे धरून चालतो. पण घोटा कुठे आहे, कसा वळला आहे हे मेंदूला कळवणारी जाण बोथट झालेली असते. म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवडे घरच्या घरी तोल सावरण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचा पाय वर्षभरात पुन्हा मुरगळला, न करणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांचा. व्यायाम अगदी साधे आहेत. दात घासताना एका पायावर उभे राहावे, जमले की डोळे मिटावेत, मग घडी केलेल्या चादरीवर उभे राहावे. इतक्या थोड्या कष्टात इतके देणारा उपचार घोट्याच्या बाबतीत दुसरा नाही.

कंडरेच्या दुखण्यात पूर्ण विश्रांतीने आराम पडतो, पण तो फसवा असतो. महिनाभर न धावलेली कंडरा दुखत नाही, तशी ती बळकटही झालेली नसते. धावणे सुरू होताच दुखणे परतते. स्वीडनमधल्या उमेओ येथे हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये पंधरा हौशी धावपटूंवर उलट मार्ग वापरून पाहिला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर पंजे टेकवून उभे राहायचे. चांगल्या पायाने टाच वर न्यायची, सगळे वजन दुखऱ्या पायावर घ्यायचे आणि टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. वर येताना पुन्हा चांगला पाय. असे पंधरा वेळा, तीन फेऱ्या. तेवढेच गुडघा किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, म्हणजे एकूण १८० वेळा, आणि बारा आठवडे रोज. दुखले तरी करायचे, सोपे झाले की पाठीवर वजन घ्यायचे. बाराव्या आठवड्याअखेर सगळे धावू लागले. दुखणे टाचेच्या हाडालगत असेल तर टाच पायरीखाली सोडू नये, सपाट जमिनीवरच करावे. डेन्मार्कमधल्या २०१५ च्या चाचणीत आठवड्यातून तीनदाच, पण जड वजनाने आणि संथपणे केलेल्या व्यायामाने तितकाच गुण आला. नोकरी-घर सांभाळून धावणाऱ्याला हा दुसरा मार्ग जास्त पाळता येतो, आणि पाळला जाणारा व्यायामच उपयोगी पडतो.

या काळात धावावे की नाही? अकिलिसच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘बेताने धावावे’ असे आहे. स्वीडनमध्येच कारिन सिल्बरनागेल यांनी ३८ रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये आला. वेदनेवर लक्ष ठेवून धावणे-उड्या चालू ठेवणारे आणि पहिले सहा आठवडे त्या बंद ठेवणारे, दोन्ही गट सारखेच सुधारले. वेदनेचे माप शून्य ते दहा धरायचे. धावताना आणि धावल्यावर ती पाचापर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. हे माप फक्त कंडरेसाठी आहे. हाडाच्या दुखण्यात एकाचीही सूट नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा या मापालाच सुरुंग आहे. शिवाय लांब पल्ल्यात शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. अकिलिसमध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन शर्यत गाठण्याचा मोह तर टाळावाच, त्याने कंडरा तुटण्याची भीती असते. आणखी एक औषध धावणाऱ्यांना माहीत असायला हवे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके कंडरा कमजोर करू शकतात आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुलाब किंवा लघवीच्या संसर्गासाठी ती सहज दिली जातात. असा कोर्स चालू असताना आणि त्यानंतरही काही आठवडे वेग आणि चढ यांची वाढ थांबवावी. धावणे कमी करूनही दोन्ही टाचा सकाळी तासभर आखडत असतील, पाठही आखडत असेल, तर संधिवाताची तपासणी करून घ्यावी. मागून कोणी दगड मारल्यासारखा झटका बसून पंजावर उभे राहताच येईनासे झाले, तर अकिलिस तुटल्याचे धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बुटांवर जितकी चर्चा होते तितके त्यांचे महत्त्व नाही. अमेरिकी सैन्यदलांतल्या हजारो नवशिक्यांना पायाच्या कमानीप्रमाणे बूट देऊन पाहिले. दुखापती कमी झाल्या नाहीत. बुटांचा एकदम बदल मात्र नडतो. टाच जाड असलेल्या बुटांवरून पातळ टाचेच्या बुटांवर गेले की अकिलिसचे काम वाढते. कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंना नॅव्हिक्युलरचा त्रास झाल्याची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचांवरून नियम होत नाही, पण रोजच्या सरावात ते घालू नयेत एवढी सावधगिरी रास्त आहे. रस्ता सिमेंटचा की डांबरी, याने फारसे बिघडत नाही, कारण पाय आपला कडकपणा जमिनीप्रमाणे बदलतो. जास्त जपावे ते पावसाळ्यात निसटत्या पेव्हर ब्लॉकपासून, रस्त्याच्या उतरत्या कडेने रोज एकाच बाजूने धावण्यापासून आणि जुहूच्या भुसभुशीत वाळूपासून, जिथे टाच रुतते आणि पोटरीला जास्त राबावे लागते.

परतीची वेळ तारखेने ठरवू नये. अर्धा तास भरभर चालणे, एका पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलणे आणि त्याच पायावर वीस उड्या हे सारे न दुखता जमले, की एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे यापासून सुरुवात करावी. आधी अंतर वाढवावे, मग वेग, आणि चढ सर्वांत शेवटी.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून बहुतेक वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, त्यामुळे डिसेंबर हा इथल्या धावपटूंच्या वर्षातला सर्वांत लांब धावांचा आणि फिजिओथेरपिस्टकडे गर्दीचा महिना. ज्याची कंडरा दुखते आणि सकाळपर्यंत निवते, त्याने अंतर कमी करून अर्ध्या मॅरेथॉनला उभे राहायला हरकत नाही. ज्याला हाडावर बोट ठेवून जागा दाखवता येते, त्याने शर्यतीचा क्रमांक (बिब) हातात आला असला तरी एमआरआय होईपर्यंत धावू नये.